पहिला कॅमेरा, बेताचं बजेट आणि कोकणची हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याचे पैसे हातात आले की एकदा आणि गणपतीच्या महिनाभर आधी एकदा, असे वर्षातून दोन वेळा हे प्रश्न येतात. विचारणारे कॉलेजातले असतात, होमस्टे चालवणारे असतात, गावी यायच्या तयारीतले चाकरमानी असतात. कॅमेऱ्यांची तुलना करणारी माहिती हल्ली भरपूर मिळते, पण ती बहुतेक कोरड्या हवेच्या गावांना धरून लिहिलेली असते. आपल्याकडे वर्षातले चार महिने हवेत पाणी आणि किनाऱ्यावर बाराही महिने मीठ. म्हणून खालच्या सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: सगळे पैसे बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यात, घालू नका. थोडे लेन्ससाठी आणि थोडे ओलाव्यापासून बचावासाठी आधीच बाजूला काढा. किमती अंदाजे आहेत, सणासुदीला खालीवर होतात.

१. माझा मोबाईल चांगले फोटो काढतो. मग कॅमेरा घ्यायचाच कशाला?

घरचे कार्यक्रम, जेवणाचं ताट, गणपतीची आरास आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचे फोटो एवढंच असेल तर घेऊ नका. मोबाईल ते काम उत्तम करतो. कॅमेरा लागतो तो तीन ठिकाणी: लांबचं जवळ आणायचं असेल तेव्हा (पक्षी, भर समुद्रातली होडी), प्रकाश कमी आणि माणसं हलती असतील तेव्हा (दशावतार, शिमग्याची पालखी), आणि फोटो कसा तयार होतो ते शिकायचं असेल तेव्हा. शटर (आतला पडदा) किती वेळ उघडं ठेवायचं, ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक) किती उघडायचं हे हाताने फिरवून बघितल्याशिवाय अंगात भिनत नाही. हे तिसरं कारण मला सगळ्यांत खरं वाटतं.

२. पहिल्या कॅमेऱ्यासाठी किती पैसे धरावेत?

वीस-पंचवीस हजारांत सेकंड हँड डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबरच येणारी) नीट मिळते (प्रश्न ८). चाळीस ते पन्नास हजारांत नवा, अगदी सुरुवातीचा कॅमेरा येतो. साठ-पासष्ट हजारांच्या पुढे चांगले मिररलेस (आत आरसा नसलेले) सुरू होतात.

आता विभागणी. हातात पन्नास हजार असतील तर पन्नास हजारांचा कॅमेरा बघू नका. पस्तीसच्या आसपास बॉडी आणि किट लेन्स, दहा हजारांत एक उजळ, म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी लेन्स, उरलेल्यात कार्ड, जादा बॅटरी, बॅग आणि हवाबंद डबा असा हिशोब मांडा. पस्तीस हजारांत सेकंड हँडमधला बऱ्यापैकी वरचा मॉडेल येतो. दुकानदार तुम्हाला वरची बॉडी दाखवणारच. पण शिकणाऱ्याच्या फोटोत फरक पडतो तो लेन्सने, आणि कॅमेरा पाच पावसाळे टिकतो तो डब्याने.

३. डीएसएलआर घेऊ की मिररलेस?

कंपन्यांचं लक्ष आता मिररलेसकडे आहे, नव्या लेन्सही तिकडेच येतात. पैसे असतील आणि पुढची दहा वर्षं हा छंद चालवायचा असेल तर मिररलेस घ्या. बजेट तंग असेल तर डीएसएलआरला नाव ठेवायचं काहीच कारण नाही. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स सेकंड हँड बाजारात स्वस्त झाल्या आहेत, आणि त्यातला सेन्सर (प्रकाश टिपून फोटो बनवणारा भाग) काही जुना झाल्यामुळे वाईट झालेला नाही.

गावाकडे राहणाऱ्यांसाठी एक मुद्दा जास्तीचा. डीएसएलआरची बॅटरी फार चालते. निकॉन डी३५०० एका चार्जवर कंपनीच्या हिशोबाने १५५० फोटो काढतो, कॅनन १५००डी सुमारे ५००. सोनी ए६००० सारखा मिररलेस साडेतीनशेच्या आसपास थांबतो. मिरगाच्या पहिल्या वादळात लाइट गेली की दोन दिवस येत नाही अशा वाडीत हा फरक जाणवतो.

४. ते सगळं ठीक, पण नेमकं मॉडेल सांगा ना.

नवाच हवा आणि पैसे कमी: कॅनन १५००डी. २०१८ चा आहे, २४.१ मेगापिक्सेलचा. साधा आहे, पण शिकायला पुरतो. त्याच्याच शेजारी ठेवलेला ३०००डी थोड्या पैशांसाठी घेऊ नका: १८ मेगापिक्सेल, छोटी स्क्रीन आणि लेन्स बसते ती रिंग प्लास्टिकची.

फिरणारी टच स्क्रीन हवी, व्हिडिओही करायचे: कॅनन २००डी मार्क २ (२०१९). स्क्रीनवर बघून फोटो काढताना याचा फोकस १५००डीपेक्षा कितीतरी चपळ आहे.

सेकंड हँडमध्ये सर्वांत शहाणा सौदा: निकॉन डी३५०० किंवा डी५६००. आता नवे बनत नाहीत, पण वापरलेले सहज मिळतात. मिररलेसच हवा असेल तर सोनी ए६०००, २०१४ चा असूनही सेकंदाला ११ फोटो काढतो.

नवा मिररलेस: कॅनन आर५०. छोटा, हलका, माणसाचा डोळा आणि पक्षी ओळखून फोकस करणारा. त्याच्याहून स्वस्त आर१०० आहे, पण त्याची स्क्रीन फिरतही नाही आणि बोट लावून चालतही नाही. पैसे कमी पडत असतील तर आर१०० पेक्षा मी सेकंड हँड २००डी मार्क २ सुचवेन.

यांतले जे मनात असतील ते हातात धरून बघा. ज्याची पकड हाताला बसते तो घ्या.

५. मेगापिक्सेल जास्त तेवढा कॅमेरा चांगला, बरोबर ना?

नाही. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. उत्तम दर्जाची २० बाय १३ इंचांची प्रिंट त्यातून निघते. घरच्या भिंतीवर याहून मोठं काय लावणार? सेन्सरचा आकार आणि लेन्स याकडे बघा.

६. कॅमेऱ्याबरोबर येणारी लेन्स पुरेल का? दुसरी कोणती घ्यावी?

१८-५५ मिमीची किट लेन्स पहिलं वर्षभर पुरते (मिमीचा आकडा मोठा, तितकं लांबचं जवळ येतं). समुद्र, किल्ला, घर, माणूस, सगळं तिच्यात येतं. ती अंधारात कमी पडते, आणि लांबचं आणत नाही.

अंधारासाठी कॅननवर ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, निकॉनच्या डीएसएलआरवर ३५ मिमी एफ/१.८जी (एफचा आकडा लहान, तितकं ॲपर्चर मोठं). दोन्ही दहा हजारांच्या आगेमागे मिळतात, वापरलेल्या त्याहून कमी. किट लेन्स ५५ मिमीला झूम केली की एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही. एफ/१.८ तिच्यापेक्षा जवळजवळ दहा पट प्रकाश आत घेते.

कॅननची ५० मिमी घराच्या आत तंग पडते. माजघरात सगळं कुटुंब एका फोटोत घ्यायचं तर पाठ भिंतीला टेकते. तिथे किट लेन्सच बरी. पडवीत बसलेली आजी किंवा जाळं विणणारे हात टिपायचे असतील तर मात्र तीच. लांबच्यासाठी प्रश्न १४ पाहा.

७. दशावतारात किंवा रात्रीच्या पालखीत माझे फोटो हललेले नाहीतर काळे येतात. महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का?

नाही, प्रश्न ६ मधली उजळ लेन्स घ्या. मग डायल ‘एम’वर (सगळं हाताने ठरवायचं), ॲपर्चर एफ/२, शटर १/१०० सेकंद, आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) १६०० पासून ३२०० पर्यंत. या आकड्यांपासून सुरुवात करून पुढेमागे करा.

१/१०० मुद्दाम सांगितलं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बरेच दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, पण १/१६० किंवा १/२५० वर काही फोटो उजळ, काही मंद, काहींत आडवे पट्टे असा प्रकार होतो. १/१०० किंवा १/५० वर तो बराचसा टळतो. रंगमंचावर राजा तलवार परजत गोल फिरायला लागला की १/१०० ला हात पुसट येईलच. तो संवाद म्हणताना क्षणभर स्थिर उभा राहतो, तेव्हा दाबा. मुकुटाची चमक आणि चेहऱ्यावरचा रंग तेव्हाच मिळतो. फ्लॅश मारू नका. पात्राच्या डोळ्यांवर येतो, आणि रंगमंचाचा सगळा उजेड फोटोतून मरून जातो.

पालखी नाचवतात तेव्हा दिवटीच्या उजेडात फोकस लागत नाही अशी तक्रार असते. मधला एकच फोकस बिंदू निवडा आणि तो चेहरा व अंधार यांच्या कडेवर ठेवा.

८. सेकंड हँड घेताना काय काय तपासायचं?

दिवसाउजेडी, समोरासमोर, स्वतःची बॅटरी-कार्डाची सोय करून घ्या. कोकणात वापरलेला कॅमेरा असेल तर आणखी बारकाईने. क्रम असा ठेवा.

आधी लेन्स. ती बॉडीवरून काढा, मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका आत पाडा आणि दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे दोन-चार कण असतील तर सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, किंवा मधून फुटलेला पांढुरका ठिपका दिसला तर ती बुरशी. कॅननची लेन्स काढली तरी पूर्ण उघडी राहते. निकॉनच्या डीएसएलआर लेन्सचं ॲपर्चर काढल्यावर मिटतं, तेव्हा मागचा छोटा खटका बोटाने सरकवून ते उघडा, नाहीतर आतली बुरशी दिसणारच नाही.

मग मीठ. बॅटरीचा कप्पा उघडून पितळी टोकांवर हिरवट डाग आहेत का पाहा. फ्लॅश बसतो त्या पट्टीवर गंज, तळाशी ट्रायपॉडच्या आट्यांत पांढरी पूड, स्क्रूंच्या डोक्यांवर तांबूसपणा, यांतलं काहीही दिसलं तर कॅमेरा खाऱ्या वाऱ्यात उघडा राहिला आहे. किंमत पाडून मागू नका, सरळ निघा.

मग सेन्सर. ॲपर्चर एफ/१६ करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि झूम करून बघा. काळे पुसट ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. जागा न सोडणारी रेघ म्हणजे बिघाड.

शटर काउंट, म्हणजे कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले तो आकडा, शेवटी. या वर्गातले शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशोबाने बनवलेले असतात. वीस-तीस हजार झाले असतील तर चिंता नाही. निकॉनच्या मूळ फोटो फाइलमध्येच आकडा असतो. कॅननच्या साध्या मॉडेल्सचा फोटोत दिसत नाही, कॅमेरा संगणकाला जोडून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो.

मोठ्या बाजारातून घ्यायचा असेल तर मुंबईत फोर्टचा भाग आहे. कोकणकन्येने पहाटे सीएसएमटीला उतरायचं, दुकानं उघडली की चार ठिकाणी भाव काढायचा आणि रात्रीच्या गाडीने परत, हे एका दिवसात होतं. बिल मात्र घ्याच (प्रश्न १९).

९. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून घरी काय करायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि यायलाच हवा. किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत त्याच्या दुपटीहून जास्त. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीला साठ-पासष्ट टक्केही पुरतात. ती काचेवर नुसती बसत नाही, आम्ल सोडून काचेचा लेप खाते.

स्वस्त उपाय: रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलची पुडी आणि एक छोटा आर्द्रता मापक. सगळं मिळून सातशे-आठशे रुपये. मापकावर ४० ते ५० टक्के दिसले पाहिजेत. ५५ च्या वर गेले की जेल बदला. फार कोरडंही नको, ३० च्या खाली बराच काळ राहिलं तर रबर आणि वंगणाला बरं नाही.

सिलिका जेल ओलं झालं की रंग बदलतं. नारिंगी हिरवट होतं, निळं गुलाबी होतं. गरम केलं की परत कामाला येतं. नारिंगीच घ्या. निळ्यात कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या तव्यावर कधीही तापवू नका. नारिंगीसाठीही जुना तवा वेगळा ठेवलेला बरा.

लेन्सा तीन-चार झाल्या की विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट बघा. लाइट गेली तरी दार बंद असेल तर आतली हवा बराच वेळ कोरडी राहते.

आणि कॅमेरा बॅगेत ठेवायचा नाही. बॅग प्रवासासाठी. तिचा स्पंज ओल धरून ठेवतो, आणि चामड्याचं कव्हर तर बुरशीचं माहेरघर. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा. वापरातल्या कॅमेऱ्याला बुरशी सहसा लागत नाही.

१०. तांदळाच्या डब्यात ठेवला तर? डांबर गोळ्या?

दोन्ही नको. तांदूळ सिलिका जेलच्या मानाने फारच थोडा ओलावा ओढतो आणि त्याची पूड झूमच्या फटीत जाते. डांबर गोळ्यांची वाफ काचेवर आणि रबरावर बसते. लाकडी कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायची जुनी पद्धत मात्र कामाची आहे, फक्त बल्ब लेन्सपासून लांब आणि कपाटाला थोडी हवा हवी.

११. बुरशी आधीच लागली आहे. लेन्स टाकून द्यावी का?

लगेच नको. कडेला एखादा ठिपका असेल तर फोटोत दिसतही नाही. फक्त सूर्याकडे तोंड करून काढलेल्या फोटोत धुरकटपणा येतो. ती लेन्स बाकीच्या सामानापासून वेगळी ठेवा आणि वापरत राहा. महागडी लेन्स असेल तर जाणकाराकडून साफ करून घ्या. किट लेन्स साफ करायला जेवढे मागतील त्यात थोडी भर घातली की दुसरी वापरलेली किट लेन्स येते, तेव्हा तिच्यावर खर्च करू नका. वॉरंटीत बुरशी सहसा बसत नाही.

१२. समुद्रावर नेला की कॅमेरा खराब होतो म्हणतात. मग किनाऱ्यावरच्या माणसाने करायचं काय?

न्यायचा, पण शिस्तीत. लाटा फुटतात तिथे हवेत खारे तुषार असतात, ते दिसत नाहीत पण काचेवर बसतात. लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लावा. एरवी मी त्याचा आग्रह धरत नाही, समुद्रावर धरतो.

वाळूवर लेन्स बदलू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असताना किंवा हर्णे बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना मोह होतो, पण एकच लेन्स लावून जा. वाळूचा एक कण झूमच्या रिंगेत गेला की ती फिरवताना करकर आवाज येतो, आणि मग दुरुस्तीच.

घरी आल्यावर आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) धूळ-वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बॉडी पुसा, मग कोरड्याने. काच आधी पुसायची नाही. मिठाचे कण तिच्यावर घासले जातात. बॉडी नीट सुकली की डब्यात.

१३. पावसात फोटो काढायचे आहेत. पाणी न लागणारा स्वस्त कॅमेरा आहे का?

प्रश्न ४ मधला एकही कॅमेरा पावसाला तोंड देणारा नाही. जाड प्लास्टिकची पिशवी घ्या, लेन्सच्या गोलाएवढं भोक पाडा, लेन्स हूडवर (लेन्सच्या तोंडावर बसणाऱ्या कड्यावर) रबरबँडने आवळा. पाच रुपयांत काम होतं. पडवीतून पागोळ्या, भातलावणी, बांधावरून येणारी इरली असे फोटो तर छपराखालूनही निघतात.

हिरवाईसाठी गोल फिरणारा पोलरायझर फिल्टर घ्या. ओल्या पानांवरची पांढरी चमक तो काढतो आणि खालचा हिरवा रंग वर येतो. हा परिणाम नंतर मोबाईलवरच्या ॲपने नीट साधत नाही.

एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते. बाहेर पडण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर वीसेक मिनिटं तसाच राहू द्या. वाफ पिशवीवर बसेल.

पाण्याखाली जायचं असेल, म्हणजे तारकर्ली-मालवणला स्नॉर्केलिंग वगैरे, तर ऑलिंपस टीजी-६ सारखा कॅमेरा १५ मीटरपर्यंत तसाच चालतो. पण पहिला आणि एकमेव कॅमेरा म्हणून तो घेऊ नका.

१४. मला फक्त पक्षी काढायचे आहेत. तो लांब झूमवाला कॅमेरा घेऊ का?

निकॉन पी९०० आणि पी९५० यांचा झूम २००० मिमीएवढा आहे. पण सेन्सर साध्या डीएसएलआरच्या बारा-तेरा पट लहान. भर उन्हात सुरूच्या झाडावर बसलेला समुद्री गरुड किंवा जानेवारीतले कुरव पक्षी छान येतात. तिळारीच्या जंगलात, दाट सावलीत बसलेला धनेश मात्र दाणेदार आणि मऊ येतो.

माझी पसंती: सेकंड हँड डीएसएलआर आणि कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० व्हीआर. पोच कमी, पण फोटो स्वच्छ. ७०-३०० घेताना नावात ‘व्हीआर’ आहे ना ते बघा. तीच लेन्स हात स्थिर करणाऱ्या सोयीशिवायही येते आणि दिसायला तशीच असते. नोंदीसाठी, ओळख पटवण्यासाठी पक्षी टिपायचे असतील तर मात्र मोठ्या झूमचा कॅमेराच घ्या. घरट्याजवळ कोणतीच लेन्स नेऊ नका.

१५. वेळासला कासवाची पिल्लं काढायला कोणता कॅमेरा?

कुठलाही, फ्लॅश बंद करून. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. फ्लॅश किंवा टॉर्चमुळे ती समुद्राऐवजी भलतीकडे वळतात. स्वयंसेवक दोरी लावतात तिच्या अलीकडूनच, गुडघ्यावर बसून, किट लेन्स ५५ मिमीवर. कॅमेरा ‘ऑटो’वर असेल तर संध्याकाळी फ्लॅश आपोआप उघडतो, म्हणून डायल ‘पी’ किंवा ‘ए’/‘एव्ही’वर ठेवूनच किनाऱ्यावर उतरा. मोबाईलचाही फ्लॅश बंद.

१६. कातळशिल्पांचे फोटो सपाट येतात, चित्रच दिसत नाही. कॅमेरा बदलू का?

वेळ बदला. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्यापासून बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कशेळी इथे जाणारे वाढले, आणि बहुतेक जण जेवणाआधी, डोक्यावर ऊन असताना पोचतात. तेव्हा जांभ्यात खोदलेल्या रेषेत सावलीच पडत नाही. सूर्य उगवल्यावर किंवा मावळण्याआधीच्या तासाभरात ऊन सड्यावर आडवं येतं, रेषेची एक कड उजळते, दुसरी काळी होते, आणि अख्खी आकृती जमिनीतून वर आल्यासारखी दिसते. पावसाळा संपता संपता रेषांत पाणी साठलेलं असतं तेव्हाही त्या आभाळाच्या उजेडाने चमकतात.

कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की उभ्याने १८ मिमीतही नीट मावत नाही. कॅमेरा काठीच्या टोकाला बांधा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि काठी डोक्यावर उंच धरा. शिल्पावर पाय देऊ नका, खडूने रेषा भरू नका.

१७. होमस्टेसाठी फोटो आणि रील्स करायच्या आहेत. काय घेऊ?

व्हिडिओच जास्त असेल तर सोनी झेडव्ही-ई१० किंवा निकॉन झेड३०. दोन्हींत डोळा लावून बघायची खिडकी नाही. किनाऱ्यावरच्या लख्ख उन्हात स्क्रीन नीट दिसत नाही, हे घेण्याआधी लक्षात घ्या. खिडकी हवी असेल तर आर५०.

समुद्रावर आवाजाचा प्रश्न चित्रापेक्षा मोठा. वाऱ्याचा घोंगाट सगळं बोलणं गिळतो. म्हणून बाहेरचा माइक लावायची सोय असलेलाच कॅमेरा घ्या. १५००डी आणि डी३५०० मध्ये ती नाही. माइकवर केसाळ टोपी लावा.

खोल्यांच्या फोटोंसाठी कॅमेऱ्यापेक्षा ट्रायपॉड महत्त्वाचा. खिडक्या उघडा, ट्यूबलाइट बंद करा.

१८. कॅमेऱ्याबरोबर आणखी काय घ्यावं लागतं?

६४ जीबीचं एक नावाजलेलं कार्ड, दोन असतील तर उत्तम. वेगासाठी त्यावर यू३ किंवा व्ही३० असं छापलेलं बघा, आणि अर्ध्या किमतीत मिळणारं घेऊ नका, नकली निघतं. एक जादा बॅटरी. ब्लोअर, मायक्रोफायबरची दोन फडकी. ट्रायपॉड हजार रुपयांचा घेतलात तर किनाऱ्यावरच्या वाऱ्यात पडेल. थांबा आणि बरा घ्या.

१९. भाऊ दुबईला आहे, तिथून आणू का? ऑनलाइन सेलमध्ये घेऊ की दुकानातून?

बाहेरून आणण्याआधी त्या कॅमेऱ्याची वॉरंटी भारतात चालते का हे लेखी बघा. अनेकदा ती त्या प्रदेशापुरती असते. नावांनीही गोंधळ होतो. आपल्याकडचा १५००डी काही देशांत २०००डी म्हणून विकतात, अमेरिकेत रिबेल टी७. २००डी मार्क २ बाहेर २५०डी होतो. नवं मॉडेल समजून जुनंच आणू नका.

इथे घेताना पक्कं बिल, त्यावर बॉडी आणि लेन्स यांचे सीरियल नंबर आणि १८ टक्के जीएसटी दाखवलेला हवा. ‘बिलाशिवाय चार हजार कमी’ म्हणणाऱ्याकडचा माल बऱ्याचदा वॉरंटीशिवायचा असतो. सेलमधल्या कॉम्बोत फुकट मिळणारी बॅग आणि कार्ड यांची किंमत धरू नका. भाव बॉडी आणि लेन्सचाच ताडून बघा.

२०. या कॅमेऱ्यावर लग्नाच्या ऑर्डरी घेता येतील का?

साखरपुडा, बारसं, मुंज इथपर्यंत घ्या. एकट्या कॅमेऱ्यावर लग्न घेऊ नका. या मॉडेल्समध्ये कार्डाची एकच खाच असते, कार्ड बिघडलं तर त्या घरचा मुहूर्त परत येत नाही.

फ्लॅशची एक वेगळीच अडचणही आहे. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ यांच्या फ्लॅशच्या पट्टीवर मधली पिन नाही. सर्वसाधारण स्वस्त फ्लॅश आणि स्टुडिओचे ट्रिगर तिच्यावरच चालतात, त्यामुळे ते पेटत नाहीत. कॅननसाठीच बनवलेला फ्लॅश किंवा ट्रिगर लागतो. पुढे हाच धंदा करायचा असेल तर हे कॅमेरा घेतानाच मनात ठेवा.

२१. काकांच्या जुन्या लेन्स आहेत. नव्या कॅमेऱ्याला चालतील का?

आधी टॉर्च लावून बुरशी बघा (प्रश्न ८), मग पुढचं.

कॅननच्या ऑटोफोकस काळातल्या ईएफ लेन्स सगळ्या कॅनन डीएसएलआरवर चालतात, आर५० वर ॲडॅप्टरने (मध्ये बसवायच्या जोडरिंगेने) चालतात. निकॉनमध्ये गुंता आहे. ‘एएफ’ किंवा ‘एएफ-डी’ लेन्समध्ये मोटर नसते, आणि डी३५००, डी५६०० च्या बॉडीतही नसते. लेन्स बसते, फोटो येतो, पण फोकस हाताने करावा लागतो. डी७००० च्या मालिकेतल्या बॉडीत मोटर आहे. निकॉनच्या झेड, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर एफटीझेड ॲडॅप्टर लावूनही एएफ-डी लेन्स स्वतः फोकस करत नाहीत, आत मोटर असलेल्या एएफ-एस करतात.

उलटाही अपवाद आहे. निकॉनच्या नव्या ‘एएफ-पी’ लेन्स डी३१००, डी५१००, डी९० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत. सेकंड हँड बॉडी एकीकडून आणि लेन्स दुसरीकडून घेणारे इथे हमखास अडकतात.

२२. कॅमेरा होडीतून पाण्यात पडला. आता?

चालू करून बघू नका. बॅटरी आणि कार्ड लगेच काढा, लेन्स वेगळी करा, सगळी झाकणं उघडी ठेवा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा नको, कडक ऊन नको. गोड्या पाण्यात पडला असेल तर सावलीत, पंख्याखाली दोन-तीन दिवस सुकवून दुरुस्तीवाल्याला दाखवेपर्यंत आशा असते. समुद्रात पडला असेल तर एवढी वाट बघायची नाही. मीठ सर्किटवर सुकायला लागलं की तांबं खायला लागतं. बाहेरून ओल्या फडक्याने पुसा आणि शक्यतो त्याच दिवशी दुरुस्तीला पोचवा. साध्या कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचा अंदाज अर्ध्या किमतीपेक्षा जास्त आला तर बॉडी सोडून द्या. कार्ड मात्र गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण सुकवा, फोटो बहुतेक वेळा शाबूत असतात.